एका शिफारशीचा इतिहास : १८७१ चे कॉप्ली पदक

विज्ञानातील एखादा मोठा पुरस्कार जाहीर झाला की मानकऱ्याचे नाव वर्तमानपत्रात येते, छायाचित्र येते, कामाची चार ओळींत ओळख येते. त्याचे नाव कोणी सुचवले, कोणत्या शब्दांत सुचवले आणि कोणी नाके मुरडली, हे मात्र दप्तरातच राहते. नोबेल पारितोषिकाच्या शिफारशी पन्नास वर्षे उघड केल्या जात नाहीत. ऊर्जाविज्ञानातील आयुष्यभराच्या कामगिरीसाठी अमेरिकेत १९५६ पासून एन्रिको फर्मी यांच्या नावाचा पुरस्कार दिला जातो; त्यातही आपल्याला दिसतो तो समारंभच.

ज्या काळात ‘ऊर्जा’ ही कल्पनाच नवी होती, त्या काळातील अशीच एक शिफारस मात्र बरीचशी उघड्यावर झाली. व्याख्याने झाली, मासिकांतून पत्रापत्री झाली, चांगली भांडणेही झाली. त्यामुळे दीडशे वर्षांनंतरही तिचा माग काढता येतो. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम वर्गात शिकवताना आपण जूलचे नाव घेतो, त्याचा पाण्यात फिरणाऱ्या पात्यांचा प्रयोग सांगतो आणि पुढे जातो. बारावीत वायूच्या दोन विशिष्ट उष्णतांच्या वजाबाकीचे सूत्र येते, तेव्हा ‘मायरचे सूत्र’ एवढेच म्हणतो. हा मायर कोण आणि त्याचे नाव सूत्राला चिकटून राहिले कसे, ते या लेखात पाहू.

यूलिउस रॉबर्ट मायर यांचा जन्म १८१४ साली जर्मनीतील हाइलब्रॉन या गावी झाला. वडील औषधविक्रेते होते. मुलाने ट्यूबिंगेनला वैद्यकी शिकली. १८४० च्या फेब्रुवारीत तो एका डच जहाजावर डॉक्टर म्हणून रुजू झाला आणि रॉटरडॅमहून जावा बेटाकडे निघाला. त्या वर्षीच्या उन्हाळ्यात जहाज जावाला असताना काही खलाशी आजारी पडले. त्या काळच्या रिवाजाप्रमाणे मायर यांनी त्यांच्या दंडाची नीला कापून रक्त काढले, आणि ते दचकले. नीलेतले रक्त काळसर असायला हवे; हे तर रोहिणीतल्या रक्तासारखे लालभडक होते. आपण चुकून रोहिणीच कापली की काय, असे त्यांना वाटले. उष्ण प्रदेशात नेहमीच असे दिसते, असे तिथल्या डॉक्टरांनी त्यांना सांगितले.

दुसरा कोणी असता तर एवढ्यावर थांबला असता. मायर यांनी लाव्हाझिए यांचे म्हणणे आठवले : शरीरातील उष्णता म्हणजे अन्नाचे मंद ज्वलन. बाहेर हवा गरम असली की शरीराला उष्णता कमी तयार करावी लागते, ज्वलन कमी होते, प्राणवायू कमी खर्च होतो. म्हणून रक्त लाल राहते. (आजचे शरीरक्रियाशास्त्र मुख्य कारण वेगळे सांगते. उकाड्यात त्वचेतून पुष्कळ रक्त झपाट्याने वाहते, त्यामुळे हातातल्या नीलांत परतणाऱ्या रक्तातला प्राणवायू फारसा कमी झालेला नसतो.) पण मायर यांचा पुढचा प्रश्न खरा मोलाचा होता. शरीर नुसती उष्णता देत नाही, ते कामही करते. आणि कामातून, घर्षणातून पुन्हा उष्णता निघते. मग एका मापाच्या अन्नातून निघणारा हिशेब जुळवायचा असेल, तर अमुक इतके काम म्हणजे तमुक इतकी उष्णता असे कायमचे कोष्टक निसर्गात असलेच पाहिजे. जहाज परतीला लागले तेव्हा या डॉक्टरच्या डोक्यात दुसरे काही नव्हते.

१८४१ साली गावी परतल्यावर त्यांनी निबंध लिहून ‘अनालेन डेर फिजिक’चे संपादक पोगेनडॉर्फ यांना पाठवला. निबंध छापला गेला नाही, परतही आला नाही, पोहोच सुद्धा मिळाली नाही. (पोगेनडॉर्फ यांच्या मृत्यूनंतर तो त्यांच्या कागदपत्रांत सापडला.) संपादकाला सर्वस्वी दोष देता येणार नाही. त्यात यांत्रिकीच्या ढोबळ चुका होत्या. गतीचे माप घेताना वेगाच्या वर्गाऐवजी नुसता वेग घेतला होता. मायर यांना गणित बेताचेच येत होते. एका मित्राच्या मदतीने ते नव्याने पदार्थविज्ञान शिकले. याच सुमारास ते हायडेलबर्गला योली या प्राध्यापकांना भेटले. तुमचे म्हणणे खरे असेल तर पाणी नुसते हलवले तरी गरम व्हायला हवे, असे योली थट्टेने म्हणाले. मायर काही न बोलता निघून गेले. काही आठवड्यांनी एक माणूस योलींच्या खोलीत घुसला आणि आपल्या गावठी बोलीत ओरडला, “तसंच होतंय!” योलींना काही क्षण हा कोण आणि कशाबद्दल बोलतो आहे हेच कळेना. ही गोष्ट पुढे योली स्वतःच सांगत. वर्गात जूलच्या पात्यांच्या आधी सांगण्यासारखी आहे.

१८४२ च्या मे महिन्यात सुधारलेला निबंध लीबिग यांच्या नियतकालिकात छापून आला. ते नियतकालिक रसायन आणि औषधशास्त्राचे होते. पदार्थविज्ञानाची माणसे ते क्वचितच उघडत. त्यात मायर यांनी एक आकडा दिला : पाणी शून्य अंशावरून एक अंश सेल्सियसपर्यंत तापवायला लागणारी उष्णता ही तेवढेच वजन सुमारे ३६५ मीटर उंचीवरून खाली पडण्याच्या तोलाची आहे. तो कसा काढला हे त्यांनी तिथे जेमतेम एका वाक्यात सुचवले; पूर्ण रीत १८४५ च्या पुस्तिकेत आली. हा हिशेब फळ्यावर दहा मिनिटांत होतो, म्हणून जरा थांबून तो पाहू.

एक घनमीटर हवा घेऊ. शून्य अंशाला, नेहमीच्या दाबाला तिचे वजन सुमारे १.२९ किलोग्रॅम भरते. ती एका चौरस मीटर तळाच्या पेटीत आहे आणि वरचे झाकण सरकते आहे, असे समजू. हवा एका अंशाने तापवली की तिचे घनफळ १/२७३ ने वाढते, म्हणजे झाकण १/२७३ मीटर वर जाते. झाकणावर वातावरणाचे ओझे आहे सुमारे १०,३३३ किलोग्रॅम. ते एवढे उचलायचे म्हणजे सुमारे ३७.८ किलोग्रॅम-मीटर काम झाले. आता झाकण पक्के बसवून हीच हवा तापवली, तर काम होत नाही आणि उष्णताही कमी लागते. दोन्ही उष्णतांतला फरक हा त्या कामाचा मोबदला. एक किलोग्रॅम हवेला एका अंशासाठी पहिल्या रीतीने ०.२४० आणि दुसऱ्या रीतीने ०.१७१ किलोकॅलरी लागतात. फरक ०.०६९, आपल्या १.२९ किलोग्रॅमसाठी ०.०८९. आता ३७.८ ला ०.०८९ ने भागा. उत्तर ४२५ च्या आसपास येते. आजचा स्वीकृत आकडा ४२७ आहे.

मग मायर यांचा ३६५ कुठून आला? त्यांच्या हाती हवेच्या विशिष्ट उष्णतेचे दिलारोश आणि बेरार यांनी १८१३ साली दिलेले माप होते, ०.२६७. ते चुकीचे होते. दोन विशिष्ट उष्णतांचे गुणोत्तर त्यांनी १.४२१ घेतले. या आकड्यांनी वरचेच गणित केले तर उत्तर ३७० च्या आसपास येते. रीत बरोबर होती, उधारीचा आकडा चुकीचा होता. एक गृहीतही त्यात दडले होते. वायू नुसता पसरला, काहीच ढकलले नाही, तर त्याला उष्णता लागत नाही, असे मायर धरून चालले. त्याला गे-ल्युसॅक यांच्या १८०७ च्या प्रयोगाचा आधार होता, पण तो निबंध वाचणाऱ्याला हे आपणहून कळण्यासारखे नव्हते. पुढचे सगळे भांडण याच फटीतून शिरले.

इकडे इंग्लंडात मँचेस्टरजवळच्या सॅल्फर्डचे जेम्स प्रेस्कॉट जूल स्वतंत्रपणे त्याच ठिकाणी येत होते. हे मद्य गाळणाऱ्या श्रीमंत घराण्यातले. लहानपणी त्यांना शिकवायला खुद्द जॉन डाल्टन होते. त्यांचा स्वभाव मायर यांच्या अगदी उलट. मोजल्याशिवाय बोलायचे नाही. १८४३ साली त्यांनी विद्युतचुंबकीय यंत्राच्या प्रयोगांतून ८३८ फूट-पौंड हा आकडा दिला. आपल्या मापांत तो ४६० मीटर होतो. म्हणजे एक जण जवळपास पंधरा टक्के खाली, दुसरा आठ टक्के वर. पण जूल थांबले नाहीत. पाणी, पारा, लोखंडी चकत्या यांवर प्रयोग करत १८४९ मध्ये त्यांनी ७७२ हा आकडा रॉयल सोसायटीपुढे ठेवला. तो सुमारे ४२४ मीटर भरतो. त्यांच्याही निबंधाला कात्री लागली होती. घर्षण म्हणजे कामाचे उष्णतेत रूपांतर, हा निष्कर्ष परीक्षकांच्या सांगण्यावरून त्यांना गाळावा लागला. मात्र १८४७ च्या ऑक्सफर्डच्या सभेत तरुण विल्यम थॉमसन, म्हणजे पुढचे लॉर्ड केल्विन, त्यांना भेटले आणि तेव्हापासून जूल एकटे राहिले नाहीत. १८५० मध्ये सोसायटीचे सभासदत्व, १८५२ मध्ये रॉयल पदक.

मायर यांच्या वाट्याला या वर्षांत काय आले ते लिहिणे जड जाते. १८४८ मध्ये त्यांची दोन मुले गेली. जूल यांच्याशी श्रेयाचा वाद फ्रेंच अकादमीच्या वृत्तांतातून सुरू होता. १८४९ च्या मे महिन्यात एका जर्मन वर्तमानपत्रात त्यांच्या संशोधनाची टवाळी करणारा लेख आला आणि त्यांचे उत्तर छापायला त्या पत्राने नकार दिला. १८५० च्या मे महिन्यात एका रात्री झोप न लागून त्यांनी घराच्या खिडकीतून खाली उडी टाकली. जीव वाचला, पाय अधू झाला. १८५१ ते १८५३ ते मनोरुग्णालयांत होते. तिथे त्यांना बांधून ठेवत. सुटून आल्यावर ते गावात डॉक्टरकी करत राहिले आणि कित्येक वर्षे विज्ञानाविषयी बोललेच नाहीत.

जगाने त्यांना मृत समजून टाकले. १८५८ मध्ये लीबिग यांनी म्युनिकच्या एका व्याख्यानात मायर यांच्या शोधाचा गौरव केला आणि ते अकाली वारल्याचे सांगितले. पोगेनडॉर्फ यांच्या १८६३ च्या शास्त्रज्ञकोशातही ते मनोरुग्णालयात वारल्याची नोंद होती. निबंध दाबून बसलेल्या संपादकाच्या कोशात अखेर नाव आले, तेही मृतांत! हाइलब्रॉनमध्ये हा मृत डॉक्टर रोज रोगी तपासत होता.

आता या कथेत जॉन टिंडल येतात. टिंडल आयरिश होते, मारबुर्गला शिकले होते, जर्मन उत्तम जाणत होते. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये ते व्याख्याने देत. पाण्याची वाफ आणि कर्बाम्ल वायू उष्णता शोषतात हे दाखवणारे त्यांचे प्रयोग याच सुमाराचे. १८६२ मध्ये उष्णतेच्या नव्या उपपत्तीवर व्याख्यान द्यायचे ठरले, तेव्हा तिचा इतिहास त्यांना नीट हवा होता. हेल्महोल्ट्झ यांनी १८५४ च्या एका व्याख्यानात मायर यांचा उल्लेख केला होता. टिंडल यांनी हेल्महोल्ट्झ यांना लिहिले आणि झुरिचला असलेल्या क्लॉसियस यांनाही लिहिले की मायर यांचे लेखन पाठवा.

क्लॉसियस यांचे पहिले उत्तर आले ते असे की लेखन मिळवून पाठवतो, पण त्यात तुम्हाला फारसे महत्त्वाचे काही सापडेलसे वाटत नाही. पुस्तिका हाती आल्या. टपालात टाकण्याआधी क्लॉसियस यांनी त्या वाचल्या आणि टिंडल यांना दुसरे पत्र लिहून आपले आधीचे मत मागे घेतले. इतके अचूक आणि सुंदर विचार त्यांत असतील असे त्यांना वाटले नव्हते. आमच्या मते या सगळ्या प्रकरणाचा कणा हे दुसरे पत्र आहे. त्या क्षणी उष्णतागतिकीतला युरोपातला पहिल्या प्रतीचा माणूस क्लॉसियस होता, आणि त्यानेही मायर यांच्याविषयी न वाचताच मत बनवले होते. असे मत आयुष्यभर बाळगता येते; कोणी विचारत नाही. टिंडल यांनी विचारले, म्हणून ते वाचले गेले.

६ जून १८६२ रोजी टिंडल यांनी व्याख्यान दिले. पडणाऱ्या दगडापासून सूर्याच्या उष्णतेपर्यंत, वनस्पतींनी साठवलेल्या सूर्यप्रकाशापासून स्नायूंच्या कामापर्यंत एकेक दुवा त्यांनी उलगडला. शेवटी सांगितले की यातले बहुतेक विचार एका जर्मन गावातल्या मायर नावाच्या डॉक्टरचे आहेत. श्रोत्यांतल्या बहुतेकांनी हे नाव प्रथमच ऐकले असणार.

गदारोळ उठायला वेळ लागला नाही. जूल यांचे पत्र ऑगस्टमध्ये ‘फिलॉसॉफिकल मॅगझिन’मध्ये आले. ते सभ्य होते : मायर यांची कल्पना स्वतंत्र आणि खरी, पण केवळ त्यांच्या निबंधावरून ती विज्ञानाने मान्य करावी इतका पुरावा त्यात नव्हता. हा मुद्दा वजनदार आहे आणि आजही नाकारता येत नाही. थॉमसन आणि त्यांचे सहकारी टेट यांचा सूर मात्र वेगळाच होता. त्यांनी ‘गुड वर्ड्‌स’ या धार्मिक वळणाच्या कौटुंबिक मासिकात ऊर्जेवर लेख लिहिला आणि परदेशी माणसाला श्रेय देऊन स्वदेशीयाला डावलल्याचा ठपका टिंडल यांच्यावर ठेवला. ऊर्जेच्या नियमाचे श्रेय राष्ट्राच्या अब्रूचा प्रश्न झाले. या वादाने एक बरे झाले. मायर यांचे निबंध इंग्रजीत भाषांतरित होऊन छापले गेले, वाचायला मिळाले.

कॉप्ली पदक हे रॉयल सोसायटीचे सर्वात जुने पदक, १७३१ पासूनचे. ते परदेशीयांनाही देता येते. नावे सोसायटीच्या कौन्सिलपुढे येतात आणि कौन्सिल ठरवते. १८७० मध्ये ते जूल यांना मिळाले. टिंडल यांनी त्या वेळी जूल यांच्या कामावर मनापासून लिहिले. मग त्यांनी मायर यांच्या नावाचा पाठपुरावा केला, आणि १८७१ चे पदक मायर यांना जाहीर झाले. टिंडल यांनी त्यांच्यावरही तसाच लेख लिहिला. १८७३ चे पदक हेल्महोल्ट्झ यांना मिळाले.

दोन्ही पदकांच्या नोंदी शेजारी ठेवून पाहण्यासारख्या आहेत. जूल यांना पदक आहे उष्णतेच्या गतिक उपपत्तीवरील प्रायोगिक संशोधनासाठी. मायर यांना आहे उष्णतेच्या यांत्रिकीवरील संशोधनासाठी. तिथे ‘प्रायोगिक’ हा शब्द नाही. नऊ वर्षांचा वाद या एका विशेषणाच्या असण्या-नसण्यात मिटवला गेला. पहिला कोण, हे सोसायटीने ठरवलेच नाही. प्रत्येकाने नेमके काय केले ते तिने लिहिले. टिंडल मायर यांना जूल यांच्या वर बसवू पाहत असते तर ही शिफारस बहुधा टिकली नसती, असे आम्हाला वाटते. जूल यांचे पदक आधी होऊ देणे ही शिफारस करणाऱ्याची मोठी हुशारी होती, किंवा नुसता प्रामाणिकपणा. दोन्हींचा परिणाम एकच झाला. टेट मात्र पुढेही आपल्या पुस्तकांतून मायर यांच्यावर तुटून पडत राहिले.

कोपनहेगनचे लुडविग कोल्डिंग यांनी १८४३ मध्ये घर्षणाचे स्वतःचे प्रयोग करून हाच नियम मांडला होता. पेशाने ते अभियंता होते आणि लिहीत ते डॅनिश भाषेत. त्यांना कॉप्ली पदक कधीच मिळाले नाही. त्यांना टिंडल भेटला नाही.

मायर २० मार्च १८७८ रोजी हाइलब्रॉनमध्ये क्षयाने वारले, या खेपेला खरोखरच. मद्याचा धंदा विकला गेला होता आणि जूल यांची श्रीमंती ओसरली होती. त्याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना सालीना २०० पौंडांचे निवृत्तिवेतन दिले. त्याच वर्षी त्यांनी आपला जुना प्रयोग पुन्हा करून ७७२.५५ हा आकडा दिला. तो त्यांच्या कबरीच्या दगडावर कोरलेला आहे.

आणि त्याच १८७८ मध्ये पॅरिसमध्ये आणखी काही कागद बाहेर आले. सादी कार्नो यांचे नाव उष्णतेच्या इंजिनासाठी आपल्याला ठाऊक आहे. ते १८३२ मध्ये छत्तिसाव्या वर्षी पटकीने गेले. रोग संसर्गाचा, म्हणून त्यांचे बहुतेक सामान आणि कागद नष्ट करण्यात आले. उरलेली थोडी टिपणे त्यांच्या भावाजवळ शेहेचाळीस वर्षे पडून होती. ती त्याने अखेर प्रसिद्ध केली. त्यांत उष्णता हे गतीचेच रूप आहे असे लिहिलेले होते, आणि एका उष्णतामानाच्या बदल्यात किती काम मिळते त्याचा आकडाही काढलेला होता : सुमारे ३७० किलोग्रॅम-मीटर.